यारी फोर्क: आधी सर्व्हिस, मग नवा डँपर. ५४ किलोच्या स्वाराचा अनुभव

सगळ्यात आधी माझं वजन सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं आहे. ५४ किलो. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि पाठीवरचं पाणी धरून ५८. माउंटन बाइकच्या सस्पेन्शनबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक ७५-८० किलोच्या माणसाने लिहिलेलं असतं. त्याच्या हाताला जो फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा भाग) मऊसूत लागतो तोच माझ्या हाताला लाकडाचा वाटतो. त्यामुळे माझ्या वजनाच्या आसपास असलेल्यांनी हे जरूर वाचावं. बाकीच्यांनाही सर्व्हिसचा भाग उपयोगी पडेल.

माझा फोर्क रॉकशॉक्सचा यारी. ट्रॅव्हल, म्हणजे फोर्क जास्तीत जास्त जेवढा दबतो ते अंतर, १६० मिलिमीटर, चाक २९ इंची, आत सोलो एअर ही हवेची स्प्रिंग आणि मोशन कंट्रोल हा डँपर (तेलाच्या जोरावर फोर्कची हालचाल आवरणारा भाग). हात दुखायला लागले म्हणून मी नवा फोर्कच घ्यायच्या विचारात होते. तो बेत थांबवला आणि त्याऐवजी तीन गोष्टी केल्या: लोअर्सची (फोर्कच्या खालच्या, चाक धरणाऱ्या नळ्यांची) पूर्ण सर्व्हिस, मग डेबनएअरचा एअर शाफ्ट (हवेच्या स्प्रिंगचा सुधारित भाग), आणि शेवटी मोशन कंट्रोल काढून चार्जर २.१ आरसी२ डँपर. तिन्ही मुद्दाम वेगवेगळ्या वेळी केल्या आणि दर वेळी त्याच उतारावर किमान चार फेऱ्या मारल्या. तिन्ही एकदम बदलल्या असत्या तर फरक कशाने पडला ते कधीच कळलं नसतं.

उतार असा आहे: वर सैल मुरूम, मग मुळांच्या पायऱ्या, मग साधारण दीडशे मीटर मुठीएवढे आणि डोक्याएवढे दगड, आणि शेवटी गुडघाभर उंचीचा एक ड्रॉप. या दगडांच्या पट्ट्यात मला दर फेरीला दोनदा थांबून हात झटकावे लागत. बोटं ब्रेकवरून निसटतील अशी भीती वाटायची. माझ्यासोबतच्या, माझ्याहून वीस-पंचवीस किलोंनी जड मैत्रिणीला त्याच पट्ट्यात काहीच होत नव्हतं, आणि तिचा फोर्कही यारीच. मी बराच काळ समजत होते की माझ्या हातांत ताकद कमी आहे.

ताकदीचा प्रश्न नव्हता. फोर्कच्या आत वायपर सील (धूळ-पाणी अडवणारी रबरी कडी), बुशिंग (नळ्या जिच्यावर सरकतात ती कडी) आणि एअर पिस्टनचं सील यांचं जे घर्षण असतं ते स्वाराचं वजन बघून कमी-जास्त होत नाही. ८० किलोच्या माणसाच्या फोर्कमध्ये हवेचा दाब जास्त असतो, त्याच्या वजनाचा रेटाही जास्त, म्हणून ते घर्षण त्याला जाणवत नाही. माझ्या फोर्कमध्ये पन्नासच्या आतबाहेर पीएसआय. तेवढ्याच घर्षणाचा वाटा माझ्या बाबतीत कितीतरी मोठा होतो. लहान दगड आला की फोर्क दबायच्या आधी सायकलच उचलली जाते आणि तो धक्का सरळ मनगटात येतो.

हे मोजता येतं, आणि सर्व्हिसला हात घालण्याआधी प्रत्येकाने मोजावं असं मला मनापासून वाटतं. नेहमीच्या सामानासकट सायकलवर उभं राहायचं आणि वजन अगदी सावकाश सोडत सॅगपर्यंत, म्हणजे नुसत्या वजनाने फोर्क जिथवर दबतो तिथवर, यायचं. कोणीतरी पट्टी धरून आकडा लिहायचा. मग फोर्क खोल दाबून तितक्याच सावकाश वर येऊ द्यायचा, थांबला की पुन्हा मोजायचं. घर्षण नसतं तर दोन्ही आकडे सारखे आले असते. मैत्रिणीने पट्टी धरली तेव्हा माझे आकडे आले १७ आणि ३१ मिलिमीटर. १४ मिलिमीटरच्या त्या पट्ट्यात फोर्क कुठेही अडकून बसू शकत होता. १६० मिलिमीटरवर २० टक्के सॅग म्हणजे ३२ मिलिमीटर. मी पूर्वी ओ-रिंग (फोर्कच्या नळीवर सरकणारी रबरी कडी) बघून ‘सॅग बरोबर आहे’ म्हणायचे, पण ओ-रिंग फक्त सगळ्यात खोल गेलेली जागा दाखवते. फोर्क प्रत्यक्षात कुठे उभा आहे ते ती सांगत नाही.

आता सर्व्हिस. त्याआधी एक तक्रार, कारण ती अनेकांच्या वाट्याला येते. सात-आठ महिन्यांपूर्वी मी सायकल एका वर्कशॉपमध्ये ‘सस्पेन्शन सर्व्हिस’साठी दिली होती. परत आली तेव्हा स्टँशन (लोअर्समध्ये सरकणाऱ्या वरच्या नळ्या) चकाचक, सीलच्या कडेला ताजं ग्रीस, फोर्क हाताने दाबला तर आधीपेक्षा बरा. दोन आठवड्यांत पुन्हा जैसे थे. या वेळी मी स्वतः फोर्क उघडायला बसले आणि सायकल उलटी करून खालचे बोल्ट पाहिले, तर ॲलन की बसते त्या खाचेत माती वाळून दगड झाली होती. सुईने कोरून काढावी लागली. म्हणजे त्या बोल्टला कोणाची चावी लागलेलीच नव्हती. बाहेरून पुसून वंगण मारणं म्हणजे सर्व्हिस नव्हे. सायकल द्यायच्या आधी त्या खाचेचा एक फोटो काढून ठेवा आणि परत घेताना जुनी सीलं आणि क्रश वॉशर (बोल्टखालच्या, दबून बसणाऱ्या चकत्या) मागून घ्या. प्रामाणिक कारागीर ती आनंदाने देतो.

लोअर्सची सर्व्हिस घरी जमते. अवघड नाही, पण शिस्त लागते. पुढचं चाक काढलं, ब्रेक कॅलिपरवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली. तेलाचा एक थेंब ब्रेक पॅडवर गेला तर पॅड वाया जातात, म्हणून हे पहिलं काम. मग हवेचा दाब आणि रिबाउंडचे (दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो ते ठरवणाऱ्या नॉबचे) क्लिक वहीत लिहिले आणि हवा पूर्ण सोडली. हवा भरलेली असताना फोर्क कधीही उघडू नये. खालचे दोन्ही बोल्ट तीन-चार आटे सैल करून त्यांच्यावर प्लास्टिकच्या हातोडीने टकटक केलं की आतले शाफ्ट सुटतात. मग बोल्ट पूर्ण काढून लोअर्स खाली ओढायचे.

फोर्कच्या उजव्या पायातून ट्रेमध्ये जे आलं ते सिरिंजमध्ये ओढून मोजलं: ३ मिलिलिटर. डाव्यातून त्याहूनही कमी. प्रत्येकी १० मिलिलिटर असायला हवं होतं. रंग शिशासारखा करडा, आणि टॉर्च मारला की त्यात बारीक चकाकी दिसत होती. ती ॲल्युमिनियमची आणि झिजलेल्या बुशिंगची पूड. बोटांत चोळून पाहिलं तर कणकण लागले. मग वायपर सील काढली आणि त्यांच्या खालच्या फोमच्या रिंगा बाहेर घेतल्या. या रिंगा तेलाने भिजलेल्या असायला हव्यात, कारण स्टँशन वर-खाली होताना त्याच त्यावर तेलाचा पातळ थर ठेवतात. माझ्या हातात आल्या त्या कोरड्या होत्या, कडक आणि एका बाजूने काळ्या पडलेल्या. चिमटीत दाबली तर एक थेंब निघाला नाही. वाकवली तशीच वाकडी राहिली. ती रिंग हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिले. इतके महिने माझे हात ज्याच्यामुळे दुखत होते ती वस्तू ही.

स्टँशन नीट तपासले. नख फिरवून कुठे अडतं का ते पाहायचं आणि उजेडात तिरकं धरून वरचा रंगीत थर उडालाय का ते बघायचं. एकदा तो थर उडाला आणि खालचं पांढरं धातू दिसू लागलं की सर्व्हिसने काही होत नाही, क्राउन आणि स्टँशनचा पूर्ण वरचा भागच बदलावा लागतो. माझ्या डाव्या स्टँशनच्या मागच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी एक फिकट पट्टी होती, नख अडत नव्हतं. थोडक्यात वाचला. आणखी एक पावसाळी हंगाम तसाच काढला असता तर वाचला नसता.

स्वच्छतेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, आणि लाकडी काठीला कापड गुंडाळून लोअर्सच्या आतली दोन्ही बुशिंग पुसली. कापड पांढरं निघेपर्यंत. नऊ वेळा पुसावं लागलं. नव्या फोमच्या रिंगा तेलात बुडवून अर्धा तास ठेवल्या. नवी सीलं बसवायला ३५ मिलिमीटरचा सील ड्रायव्हर वापरला. हे एक साधन उसनं मिळालं तर उसनं घ्या, पण हातोडीने ठोकून सील बसवू नका, ते तिरकं बसतं आणि पहिल्याच चिखलात पाणी आत घेतं. सीलच्या आतल्या ओठाला सस्पेन्शन ग्रीसचा अगदी पातळ हात. लोअर्स अर्धे चढवून दोन्ही पायांत सिरिंजने १०-१० मिलिलिटर तेल, मग लोअर्स पूर्ण वर, नवे क्रश वॉशर, आणि बोल्ट टॉर्क रेंचने सुमारे ७ न्यूटन-मीटरवर. तुमच्या मॉडेलसाठी तेलाचा प्रकार, मात्रा आणि टॉर्क कंपनीच्या सर्व्हिस पुस्तिकेतूनच घ्या, कारण एकाच नावाच्या फोर्कमध्येही वर्षागणिक ते बदलतात.

पहिल्या वेळी मला चार तास लागले, दुसऱ्यांदा दीड.

आणि निकाल? त्याच सॅगच्या चाचणीत आकडे आले २५ आणि ३० मिलिमीटर. चौदाचा पट्टा पाचवर आला. दाब तोच ४६ पीएसआय, डँपर तोच, सेटिंग तेच. दगडांच्या पट्ट्यात मी एकदाच थांबले, तेही सवयीने. ओ-रिंग पूर्वी ११० मिलिमीटरच्या पुढे कधी जात नव्हती, ती आता १३० ला टेकली. मुळांच्या पायऱ्यांवर पुढचं चाक जमिनीला धरून राहतंय हे मला पहिल्यांदा हँडलमध्ये जाणवलं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी नव्या फोर्कची यादी मिटवून टाकली. या सर्व्हिसला माझे पैकीच्या पैकी गुण. तीन बदलांमधला हा सगळ्यात स्वस्त, आणि माझ्या हिशेबाने निम्म्याहून जास्त फायदा याचाच.

रॉकशॉक्स या फोर्कसाठी लोअर्सची सर्व्हिस दर ५० तासांनी आणि डँपर-स्प्रिंगची पूर्ण सर्व्हिस दर २०० तासांनी सांगते. फॉक्स या दुसऱ्या सस्पेन्शन कंपनीचा सल्ला १२५ तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आठवड्याला चार तास चालवणाऱ्याचे ५० तास तीन महिन्यांत भरतात. अनेकांना ही कंपन्यांची सुटे भाग विकायची युक्ती वाटते. करड्या तेलाचा तो ट्रे पाहिल्यापासून मला तसं वाटत नाही. १९९० साली ड्युरँगोला झालेल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने डाउनहिल जिंकली तेव्हा त्याच्या सायकलला रॉकशॉक्सचा सुरुवातीचा फोर्क होता, ट्रॅव्हल जेमतेम ५० मिलिमीटरच्या आसपास, आत हवा आणि तेल. आजचा फोर्क त्याच्या तिप्पट खोल दबतो, पण आत अजूनही हवा, तेल आणि ती धरून ठेवणारी रबरी सीलंच आहेत. आणि रबर झिजतंच.

दुसरा बदल एअर स्प्रिंगचा. सोलो एअरमध्ये पिस्टनच्या खालची निगेटिव्ह चेंबर लहान असते. वरची हवा फोर्कला लांब ठेवायला बघते, खालची त्याला दाबायला मदत करते. खालची जागा लहान असली की ती मदत लवकर संपते आणि सुरुवातीचा प्रवास ताठ लागतो. डेबनएअर शाफ्टमध्ये ही जागा मोठी केली आहे. हलक्या स्वाराला याचा फायदा कागदावर तरी सरळ दिसतो, आणि प्रत्यक्षातही होतो.

शाफ्ट बदलायला लोअर्स पुन्हा उतरवावे लागतात, मग डाव्या पायाच्या तळाची सर्क्लिप (खाचेत बसणारी धातूची कडी) काढून जुना शाफ्ट खाली ओढून घ्यायचा. सर्क्लिपचा प्लायर चांगला घ्या. माझ्या जुन्या प्लायरची टोकं घसरून क्लिप दोनदा उडाली, स्टँशनच्या आतल्या भागाला ओरखडा जाता जाता राहिला.

एक चूक माझ्याकडून झाली, ती इथे लिहिते म्हणजे तुमचा एक दिवस वाचेल. नवा शाफ्ट बसवून मी एका दमात ५० पीएसआय भरले आणि ट्रेलवर गेले. फोर्क आधीपेक्षाही कडक! चिडून परत आले. वरच्या आणि खालच्या चेंबरमधला दाब सारखा व्हायला पिस्टन त्या जोडणाऱ्या खाचेवरून जावा लागतो. म्हणून थोडी हवा भरायची, फोर्क सावकाश आठ-दहा वेळा दाबायचा, पुन्हा थोडी भरायची, पुन्हा दाबायचा. असं केल्यावर पंपाचा काटा दर वेळी खाली येतो, कारण हवा खालच्या चेंबरमध्ये जाते. काटा हलायचा थांबला की दोन्हीकडे समतोल झाला. जड माणूस सायकलवर नुसता बसला तरी हे आपोआप होत असेल. मला मुद्दाम करावं लागतं.

नीट भरल्यावर दाब ५२ पीएसआयवर स्थिरावला. मोठ्या निगेटिव्ह चेंबरला तेवढ्याच सॅगसाठी दाब जास्त लागतो, त्यामुळे आकडा वाढला म्हणून घाबरू नका. चाचणीचे आकडे २९ आणि ३२. शिवाय मी वरच्या टोपीखालचं एकुलतं एक टोकन काढून टाकलं. टोकन हवेची जागा कमी करतं आणि शेवटचा प्रवास कडक करतं. उंच उड्या मारणाऱ्यांना ते हवं, मला गुडघाभर ड्रॉपसाठी नको. आता ओ-रिंग त्या ड्रॉपला १४८ वर जाते.

फरक खरा आहे, पण पहिल्या सर्व्हिसइतका नाट्यमय नाही. सपाटीवरच्या बारीक खडीची थरथर गेली. चढावर उभं राहून पेडल मारताना फोर्क थोडा जास्त डुलतो, हे मात्र लक्षात ठेवा. तुमचे उतार सौम्य असतील तर इथेच थांबलात तरी चालेल.

माझं मन खरं रमलं ते तिसऱ्या बदलात.

मोशन कंट्रोल हा साधा, मजबूत डँपर आहे. उजव्या पायात तेल मोकळं भरलेलं असतं, त्यातून पिस्टन फिरतो. त्याची निगा सोपी, थोडी हेळसांड झाली तरी तो वर्षानुवर्षं चालतो, आणि मधल्या वजनाच्या स्वाराला पुरेसा आहे. बाहेरून मिळतो तो एक कॉम्प्रेशनचा (फोर्क दबण्याला होणारा विरोध ठरवणारा) नॉब आणि खाली रिबाउंड. माझी अडचण वेगाची होती. हळू दबताना सगळं ठीक, पण वेगात डोक्याएवढा दगड आला की तेलाला वाट पुरत नाही आणि फोर्क क्षणभर ताठ होतो. माझ्या वजनाला नॉब पूर्ण उघडा ठेवूनही ते राहत होतं. दुसरं म्हणजे रिबाउंड. इतक्या कमी दाबाची हवा फोर्कला परत वर ढकलायला मुळातच कमजोर असते. थंड सकाळी रिबाउंड पूर्ण उघडा ठेवूनही फोर्क दोन दगडांच्या मधल्या वेळात पुरता वर येत नसे, पुढच्या दगडाला अर्धा दबलेलाच भेटायचा, त्याच्या पुढच्याला आणखी खाली. दहाव्या दगडाशी ट्रॅव्हलच उरलेला नसायचा.

चार्जरमध्ये तेल बंद नळीत असतं आणि शाफ्ट आत आल्यावर जागा करून द्यायला रबरी पिशवी फुगते. हवा आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे लांब उतारावर डँपिंग शेवटपर्यंत एकसारखं राहतं. आरसी२ मध्ये हळू आणि वेगवान कॉम्प्रेशन वेगवेगळं लावता येतं. यारी आणि त्याच पिढीचा लिरिक (रॉकशॉक्सचाच वरच्या श्रेणीचा फोर्क) यांचा सांगाडा एकच, ३५ मिलिमीटरचे स्टँशन, म्हणून लिरिकसाठीचा हा डँपर यारीत बसतो. हे किट घेताना फोर्कचं मॉडेल, वर्ष आणि चाकाचा आकार तीनदा ताडून बघा. चाकाच्या आकाराप्रमाणे डँपरची लांबी वेगळी असते.

बसवणं मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. उजव्या पायाची वरची टोपी खोलली, फोर्क उलटा करून सगळं जुनं तेल ट्रेमध्ये ओतलं, तळाची सर्क्लिप काढून जुना रिबाउंड शाफ्ट बाहेर घेतला, आतून नळी पुसून कोरडी केली आणि नवा डँपर वरून सरळ आत सोडून टॉर्कवर आवळला. तो तेल भरून, ब्लीड होऊनच (आतली हवा काढूनच) येतो. हातात धरून शाफ्ट दाबला तेव्हा कुठेही फुसफुस नाही, कुठेही मोकळी जागा नाही. तेल एका धारेने सरकतंय हे तळहाताला कळत होतं. लोअर्स चढवले, तेल, वॉशर, बोल्ट. हे सगळं आता हातवळणी पडलंय.

पहिल्या फेरीला दोन्ही कॉम्प्रेशन पूर्ण उघडी, रिबाउंड पूर्ण उघड्यापासून तीन क्लिक आत. दगडांच्या पट्ट्यात शिरले आणि सवयीने हात आवळून धरले, पण जो धक्का यायचा तो आलाच नाही. चाक खाली दगडांवर ठोके घेत होतं, हँडल मात्र एका उंचीवर चाललं होतं. तिसऱ्या-चौथ्या मोठ्या दगडानंतर मी बोटं सैल केली. पट्टा संपला तेव्हा लक्षात आलं की एकदाही थांबले नाही, आणि नजर पूर्ण वेळ पुढच्या वाटेवर होती, चाकासमोरच्या दगडावर नव्हती. मैत्रीण खाली उभी होती. म्हणाली, “अगं, आज तुझा आवाजच वेगळा येत होता.” साखळीचा खडखडाट तसाच होता, पण पुढच्या चाकाचं आपटणं थांबलं होतं.

नंतरच्या फेऱ्यांत हळू कॉम्प्रेशन चार क्लिक वाढवलं, कारण ब्रेक मारताना नाक खाली जात होतं. वेगवान कॉम्प्रेशनला अजून हात लावलेला नाही, माझ्या वजनाला ते उघडंच बरं. यातच या डँपरची मर्यादाही आली. माझ्यासारख्या हलक्या माणसाची सेटिंग पल्ल्याच्या एका टोकाला जाऊन बसते, पुढे आणखी सैल करायची सोय बाहेरून नाही. ४५ किलोच्या स्वाराला किंवा लहान मुलाला आतल्या शिम (तेलाची वाट आवरणाऱ्या पातळ चकत्या) बदलून डँपर नव्याने ट्यून करून घ्यावा लागेल, आणि तो माहीतगाराकडूनच. शिवाय बंद डँपर म्हणजे निगा जास्त. पिशवी आणि सीलं वेळेवर बदलायला हवीत, नाहीतर आत हवा शिरते आणि ती फुसफुस सुरू होते. मोशन कंट्रोलचा निवांतपणा यात नाही. त्यामुळे दहापैकी साडेआठ.

मागच्या शॉकबद्दल (मागच्या चाकाचे धक्के झेलणारा भाग) थोडक्यात. त्याचा एअर कॅन (हवा भरलेली बाहेरची नळी) घरी उघडता येतो: हवा पूर्ण सोडायची, कॅन हाताने फिरवून काढायचा, सीलं बदलायची, ग्रीस, दोन-चार थेंब तेल, परत बंद. पण हवा सोडल्यावर शॉक आपणहून आखडून खाली ओढला गेला आणि लांब होईना, तर थांबा. निगेटिव्ह चेंबरमध्ये दाब अडकलेला असू शकतो आणि अशा वेळी कॅन फिरवला तर तो उडून इजा करतो. ते काम माहीतगाराकडे द्यावं. डँपरच्या बाजूला नायट्रोजन भरलेला असतो, तिकडे मी अजिबात हात घालत नाही. माझ्या शॉकची खरी तक्रार वेगळीच निघाली. सीटला धरून सायकल उचलली की बारीक ‘टक’ व्हायचं. ती शॉकच्या डोळ्यातल्या (टोकाला बोल्ट जातो त्या भोकातल्या) बुशिंगची झीज होती. लहानसा भाग, दहा मिनिटांचं काम, आणि मागचं चाक ढिलं असल्याची जी भावना मला वर्षभर छळत होती ती गेली.

कॉइलचा, म्हणजे हवेऐवजी धातूची स्प्रिंग असलेल्या शॉकचा, मोह झाला, हे मान्य करते. स्प्रिंगला हवेची सीलं नसतात, म्हणजे घर्षण आणखी कमी, आणि हलक्या माणसाला तेच तर हवं. कागद घेऊन हिशेब केला. माझ्या सायकलला मागे १५० मिलिमीटर ट्रॅव्हल, शॉकचा स्ट्रोक (शॉक स्वतः जेवढा दबतो ते अंतर) ६० मिलिमीटर, म्हणजे सरासरी लीव्हरेज (चाक शॉकच्या किती पट हलतं ते) अडीच. ३० टक्के सॅग म्हणजे स्ट्रोकच्या १८ मिलिमीटरवर. सामानासकट ५८ किलोंतले ६५ टक्के मागे धरले तर स्प्रिंग २९० पाउंड प्रति इंचाच्या आसपास हवी. स्प्रिंगा बहुतेक ५०च्या टप्प्याने मिळतात, तेव्हा ३०० ची जवळ बसली असती. अडलं ते फ्रेमपाशी. माझ्या फ्रेमचं लीव्हरेज ट्रॅव्हलभर जवळजवळ सारखं राहतं. हवेचा शॉक शेवटाकडे आपोआप कडक होतो, कॉइल होत नाही, आणि अशा फ्रेमवर तो प्रत्येक ड्रॉपला तळाला ठोकला असता. तुमची फ्रेम शेवटाकडे चांगली कडक होणारी असेल तर तुमचं उत्तर वेगळं येईल, हिशेब मात्र हाच करा.

या खेपेला मी काही सवयीही बदलल्या. पाण्याचा जोराचा फवारा सीलवर मारायचा नाही, मऊ ब्रश आणि बादली. दर राइडनंतर स्टँशन आणि सीलची कडा कोरड्या कापडाने पुसायची. आणि राइडच्या आदल्या रात्री सायकल उलटी उभी करून ठेवायची, म्हणजे लोअर्सच्या तळाचं तेल खाली येऊन फोमच्या रिंगा पुन्हा भिजतात. ही शेवटची सवय फुकटची आहे आणि पहिल्या पाच मिनिटांत फरक दाखवते. ब्रेकची लिव्हर मात्र आधी दाबून बघा. उलट्या सायकलमध्ये काही ब्रेक हवा ओढतात आणि सकाळी लिव्हर स्पंजसारखी लागते. तसं झालं तर सायकल सरळ करून पाच-दहा वेळा पंप करा, तरी सुधारली नाही तर ब्रेक ब्लीड करायची वेळ झाली आहे.

नवा डँपर बसवल्यापासून ३७ तास झालेत. फोर्कच्या डाव्या पायावर आतल्या बाजूने कागदी टेप लावून त्यावर तास लिहिते, दर राइडनंतर एक आकडा खोडून दुसरा. काल पुन्हा पट्टी धरून मोजलं: २८ आणि ३२. एक मिलिमीटरने घर्षण वाढलंय. पन्नास भरायला १३ तास आहेत, सीलं आणि तेल आणून ठेवलंय.